बारा खाटांचे रुग्णालय : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे जीवनकार्य

कर्करोग हा शब्द आजही आपल्याकडे दबक्या आवाजात उच्चारला जातो. पाऊणशे वर्षांपूर्वी तो उच्चारलाही जात नसे. घरातील माणूस कसल्याशा मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळला आहे, एवढेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळे आणि ते दुखणे कोणते, हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नसे. गावचा वैद्य हात टेकी, शहरातला डॉक्टर मान हलवी आणि नातेवाईक मुकाट्याने शेवटच्या दिवसांची तयारी करू लागत. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातील रुग्णांना ठोठावण्यासाठी निदान एक दार तरी मिळाले. परंतु साऱ्या दक्षिण भारतात केवळ या रोगासाठी वाहिलेले रुग्णालय त्या वेळी नव्हते.

ते उघडले १८ जून १९५४ रोजी, मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, अड्यार भागात. खाटा अवघ्या बारा होत्या. इमारत साधी, कर्मचारी मोजके आणि तिजोरी जवळजवळ रिकामी. हे रुग्णालय ज्यांच्या ध्यासातून उभे राहिले, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयात माणसे कामातून निवृत्त होऊन नातवंडांत रमतात, त्या वयात त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड कामाला हात घातला. त्या कामाचे बीज मात्र तीस वर्षांपूर्वीच, घरातील एका मृत्यूने, त्यांच्या मनात पेरले होते.

पुदुकोट्टैची मुलगी

आपल्या आनंदीबाई जोशी ज्या वर्षी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन मायदेशी परतल्या, त्याच १८८६ साली, ३० जुलै रोजी, तामिळ मुलखातील पुदुकोट्टै संस्थानात मुथुलक्ष्मींचा जन्म झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्मल ही मात्र ज्या समाजातून देवळांना देवदासी वाहिल्या जात, त्या समाजातील होती. एका ब्राह्मणाने अशा स्त्रीशी संसार मांडावा, हे त्या काळच्या समाजाला रुचणारे नव्हते. अय्यरांच्या आप्तांनी त्यांच्याशी संबंध तोडले. त्यामुळे ज्या घरात मुथुलक्ष्मी वाढली, त्या घरात विद्या भरपूर होती आणि मानहानीची ओळखही लहानपणापासूनच होती.

मुलगी वयात येताच तिची शाळा सुटली. आईला लग्नाची काळजी लागली होती, तर वडिलांना तिच्या बुद्धीची. वडिलांनी घरीच शिकवणी चालू ठेवली आणि १९०२ साली ती बाहेरून मॅट्रिकच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. पुढे शिकायचे तर गावात एकच महाविद्यालय होते आणि ते मुलांचे होते. एक मुलगी वर्गात आली तर मुले बिघडतील, अशी ओरड झाली. त्यातच तिच्या आईचे कूळ अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते. अखेरीस संस्थानचे राजे मार्तंड भैरव तोंडैमान यांनीच आपल्या अधिकारात १९०४ साली तिला प्रवेश दिला. तेथून १९०७ साली ती मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाली.

या महाविद्यालयाच्या इतिहासात आपल्या वाचकांना जवळचे वाटावे असे एक पान आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, हरिपंत खिस्ती या ख्रिस्ती झालेल्या गृहस्थांची कन्या कृपाबाई १८७८ साली, म्हणजे मुथुलक्ष्मींच्या जवळजवळ तीस वर्षे आधी, येथे वैद्यक शिकण्यासाठी आली होती. अभ्यासात ती आघाडीवर होती, परंतु वर्षभरातच तिच्या प्रकृतीने हार खाल्ली आणि तिला शिक्षण सोडावे लागले. पुढे कृपाबाई सत्यनाथन या नावाने तिने इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या आणि अवघे बत्तीस वर्षांचे आयुष्य लाभून १८९४ साली ती मद्रासमध्येच निधन पावली. कृपाबाईंच्या वाट्याला जी पदवी आली नाही, ती मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत मुथुलक्ष्मी होत्या. १९१२ साली अनेक पारितोषिके आणि सुवर्णपदके मिळवून त्या डॉक्टर झाल्या आणि मद्रासच्या शासकीय प्रसूती रुग्णालयात काम करू लागल्या.

१९१४ साली त्यांनी डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह केला. हा विवाह १८७२च्या नागरी विवाह कायद्यान्वये झाला. पत्नीला बरोबरीचे स्थान द्यावे आणि तिच्या कामात आडवे येऊ नये, अशी अट मुथुलक्ष्मींनी आधीच घातली होती आणि ती मान्य झाल्यावरच त्या बोहल्यावर चढल्या. डॉ. रेड्डींनी दिलेला शब्द जन्मभर पाळला, हे पुढील सारा इतिहास सांगतो.

बहिणीचे दुखणे

१९२०च्या दशकाच्या आरंभी त्यांची धाकटी बहीण आजारी पडली. पोटाचा त्रास होता, शौचावाटे रक्त जात होते. डॉक्टरांनी आमांश म्हणून औषधे दिली. महिने उलटले, तरी उतार पडेना. खरे निदान झाले, तेव्हा तो गुदाशयाचा कर्करोग निघाला आणि तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. ऐन तारुण्यात ती बहीण गेली. घरात दोन डॉक्टर असताना, शहरात मोठी रुग्णालये असताना हे घडले.

या मृत्यूने मुथुलक्ष्मींच्या मनावर जो घाव घातला, तो कधी भरून आला नाही. त्यांना जाणवले ते असे : ज्या डॉक्टरांनी बहिणीला तपासले, ते निष्काळजी नव्हते, हा रोग ओळखण्याचे खास शिक्षणच कोणाला मिळालेले नव्हते. जो रोग कोणी शोधत नाही, तो कोणाला सापडतही नाही. आणि सापडलाच, तर त्याला नेऊन कोठे दाखवायचे, याचे उत्तर नव्हते.

१९२५ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून त्या पती आणि दोन मुलांसह इंग्लंडला गेल्या. स्त्रियांच्या आणि बालकांच्या रोगांचा अभ्यास हा त्या प्रवासाचा मुख्य हेतू होता. परंतु लंडनमधील रॉयल कॅन्सर हॉस्पिटल त्यांनी मुद्दाम पाहिले. तेथे शल्यचिकित्सक, किरणोपचार करणारे आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा तपासणारे तज्ज्ञ एकाच छपराखाली, एकाच रुग्णाचा विचार करीत होते. असे एक घर आपल्या देशातही हवे, हा निश्चय तेथेच झाला.

कायदेमंडळ आणि अव्वै होम

मायदेशी परतल्यावर मात्र त्यांना वेगळ्याच कामाने हाक दिली. १९१७ साली अड्यारला स्थापन झालेल्या विमेन्स इंडियन असोसिएशनच्या त्या कार्यकर्त्या होत्या. संस्थेच्या आग्रहावरून त्यांचे नाव मद्रासच्या कायदेमंडळासाठी पुढे आले. त्या सभासद झाल्या आणि १९२७ साली सभागृहाने एकमताने त्यांना उपाध्यक्ष निवडले. ब्रिटिश भारतात कायदेमंडळाचे सभासदत्व आणि उपाध्यक्षपद मिळालेली ही पहिली स्त्री.

त्या आसनाचा उपयोग त्यांनी मानासाठी केला नाही. मुलींच्या विवाहाचे वय वाढावे, शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी व्हावी, स्त्रिया व बालके यांच्यासाठी रुग्णालयात वेगळी सोय व्हावी, यासाठी त्या झगडल्या. परंतु त्यांचे नाव सर्वांत जास्त गाजले ते देवदासी प्रथेविरुद्धच्या लढ्यामुळे. मराठी वाचकाला या प्रथेची ओळख निराळी करून द्यायला नको. जेजुरीच्या मुरळ्या आणि यल्लमाच्या जोगतिणी आपण जाणतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध केलेली चळवळही आपल्याला ठाऊक आहे. तामिळ मुलखात एमी कारमायकेल या मिशनरी बाईंनी १९०१ पासून दोहनावूर येथे देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींना आसरा दिला होता. मुथुलक्ष्मींच्या बाबतीत ही गोष्ट घरातली होती. आपल्या आईच्या समाजातील मुलींसाठी त्या बोलत होत्या.

१९२९ साली त्यांच्या प्रयत्नाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि देवळाच्या सेवेच्या बदल्यात मिळालेल्या इनाम जमिनी, सेवेची अट काढून, त्या त्या स्त्रियांच्या मालकीच्या झाल्या. देवाला मुलगी वाहण्यास संपूर्ण बंदी करणारा मद्रासचा कायदा मात्र १९४७ साली झाला. या लढ्यात परंपरेचा अभिमान बाळगणारे पुढारी त्यांच्या विरोधात होतेच. पण स्वतः देवदासी समाजातील बंगळूर नागरत्नम्मांसारख्या नामवंत कलावतींनीही विरोध केला. आमची कला आणि आमची मिळकत तुम्ही एकाच फटकाऱ्याने बुडवीत आहात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढील काळात अनेक अभ्यासकांनीही या कायद्याने काही स्त्रियांना निराधार केले, असे दाखवून दिले आहे. मुथुलक्ष्मींच्या चरित्राचा हा भागही झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांची नजर वाहिल्या जाणाऱ्या अजाण मुलीवर होती आणि तिला वाचवताना मागे राहिलेल्या प्रौढ स्त्रीच्या उपजीविकेचा प्रश्न पुरता सुटला नाही.

मुलींना सोडवून ठेवायचे कोठे, हा प्रश्न मात्र त्यांनी टाळला नाही. १९३० साली देवदासी कुळातील काही मुली त्यांच्या दारी आल्या. मद्रासच्या वसतिगृहांनी, ब्राह्मणांच्या आणि ब्राह्मणेतरांच्याही, त्यांना जागा नाकारली होती. मुथुलक्ष्मींनी त्यांना आपल्याच घरी ठेवून घेतले. त्यातून अव्वै होम ही संस्था जन्मली. प्राचीन तामिळ कवयित्री अव्वैयार हिचे नाव तिला दिले होते. १९३६ साली संस्था अड्यारला गेली आणि जात न विचारता मुलींना शिकवू लागली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तीमिशनची ज्यांना माहिती आहे, त्यांना या घराचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर, मुथुलक्ष्मींनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला.

चौदा वर्षांची प्रतीक्षा

१९३५ साली मद्रास मेडिकल कॉलेजचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. त्या प्रसंगी मुथुलक्ष्मींनी प्रथमच जाहीरपणे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याची मागणी केली. मद्रासमध्ये तेव्हा क्ष-किरण आणि रेडियम यांचा वापर करणारी बर्नार्ड इन्स्टिट्यूट नुकतीच सुरू झाली होती. मिरज आणि वेल्लोर येथील मिशनच्या रुग्णालयांनी शस्त्रक्रियेवर लोकांचा विश्वास बसविला होता. परंतु निदान, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि संशोधन ही चारही कामे एकत्र करणारी संस्था दक्षिणेत कोणी कल्पिलेली नव्हती. मागणी ऐकली गेली आणि विसरली गेली. मग महायुद्ध आले.

१९४९ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी विमेन्स इंडियन असोसिएशनतर्फे कर्करोग साहाय्य निधी सुरू केला. सरकारदरबारी त्या पुन्हा पुन्हा गेल्या. माणसे या रोगाने मरतातच, मग त्यासाठी रुग्णालय कशाला, असा सवाल एका मंत्र्याने त्यांना केला, असे त्या संस्थेच्या इतिहासात नमूद आहे. हा सवाल निर्दयपणाचा होता असे वाटेल. खरे तर तो त्या काळच्या बहुतेक सुशिक्षितांच्या मनातलाच होता. नवस्वतंत्र देशापुढे मलेरिया, क्षय, देवी, पटकी असे हजारो बळी घेणारे रोग उभे होते. त्यांच्यावर खर्च केलेला पैसा फळ देतो, हे दिसत होते. कर्करोगावर केलेला खर्च वाया जाणार, असेच सारे धरून चालले होते.

मुथुलक्ष्मींचे उत्तर त्यांच्या कृतीत होते. हा रोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो, हे त्यांनी लंडनला पाहिले होते. आपल्याकडे तो बरा होत नव्हता, कारण रुग्ण अखेरच्या अवस्थेत येत. आणि ते अखेरच्या अवस्थेत येत, कारण लवकर येऊन दाखवावे असे ठिकाणच नव्हते. रुग्णालय नाही म्हणून रोगी बरे होत नाहीत आणि रोगी बरे होत नाहीत म्हणून रुग्णालय नको, या चक्राला कोठेतरी छेद देणे भाग होते.

त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती यांनी परदेशात या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले होते. बाहेर त्यांना मानाची आणि पैशाची जागा सहज मिळाली असती. आईच्या शब्दाखातर ते अजून न बांधलेल्या रुग्णालयाचे डॉक्टर झाले. स्वयंसेवकांनी दारोदार फिरून लहानमोठ्या देणग्या जमविल्या. १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि पावणेदोन वर्षांनी बारा खाटा मांडल्या गेल्या. पुढल्या वर्षी, एप्रिल १९५५ मध्ये, डॉ. व्ही. शांता ही तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ तेथे आली. सरकारी रुग्णालयातील चांगली नेमणूक सोडून तिने हे काम पत्करले, याचे तिच्या परिचितांना नवल वाटले. पहिली काही वर्षे तिने वेतनाविना काम केले आणि संस्थेच्या आवारातच बिऱ्हाड केले. ते बिऱ्हाड २०२१ साली तिच्या निधनापर्यंत हलले नाही.

गाठीच्या आत

येथे थोडे थांबून, ही मंडळी ज्या शत्रूशी झुंजत होती त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या जन्मतात आणि हे काम मोजून-मापून चालते. एखाद्या पेशीच्या आतील आनुवंशिक द्रव्यात बिघाड साचत गेला, म्हणजे ती हा हिशेब विसरते आणि विभागतच राहते. तिची गाठ होते. ती गाठ शेजारच्या भागात शिरते आणि रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे दूरवर वस्ती करते. गाठ एका जागी असेपर्यंत ती कापून काढता येते किंवा किरणांनी जाळता येते. ती पसरली, म्हणजे चाकू आणि किरण दोन्ही अपुरे पडतात. वेळेला या रोगात जे महत्त्व आहे, त्याचे कारण हे.

अड्यारला येणाऱ्या रुग्णांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. डॉ. शांता आणि डॉ. कृष्णमूर्ती यांनी रुग्णांच्या सवयींची बारकाईने विचारपूस केली. तंबाखू घातलेला विडा गालात धरून ठेवण्याची सवय आणि त्या जागी होणारा कर्करोग यांचा संबंध त्यांनी तपासला आणि आपले निष्कर्ष १९५९ व १९६३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांचे संशोधनही याच दिशेने चालले होते. गरिबांच्या छोट्या रुग्णालयातून जगाच्या विज्ञानात भर पडली, ती अशी. आणि तिचा अर्थही मोठा होता : जो रोग दैवाचा फटका मानला जात होता, त्याचे एक कारण माणसाच्या हातातील पानाच्या डब्यात होते. म्हणजे तो टाळताही येणार होता.

१९५०चे दशक सरण्यापूर्वीच संस्थेला कॅनडाकडून कोबाल्टचे किरणोपचार यंत्र मिळाले. भारतातील अशा पहिल्या यंत्रांपैकी ते एक होते. जुने क्ष-किरण कातडी भाजून काढीत आणि खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेसे पोचत नसत. कोबाल्टचे किरण कातडीला तितकी इजा न करता आत शिरत. १९६० साली मुलांच्या कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग निघाला. त्याच दशकात तोंडाच्या पुढे गेलेल्या कर्करोगावर औषध आणि किरण एकत्र देण्याचे प्रयोग या दोघा डॉक्टरांनी चालविले. पेशीला औषधाने दुबळी करावी आणि मग किरणांचा मारा करावा, ही त्यामागची कल्पना होती. आज ही रीत जगभर रूढ आहे. त्या वेळी ती नवी वाट होती.

या औषधांच्या इतिहासातही मद्रासचे एक नाव आहे. मुथुलक्ष्मींच्या मागून काही वर्षांनी मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले आणि तेथील एका औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले. पेशीला विभागण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. दिसायला त्याच्यासारखी, परंतु काम अडवून धरणारी द्रव्ये सुब्बाराव यांच्या चमूने तयार केली. त्यांतील अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले आणि १९४८ साली, काही काळापुरता का होईना, तो रोग हटल्याचे जगाला दाखविले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. त्यांच्या चमूच्या कामातून आलेले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

मागे राहिलेले

१९५६ साली भारत सरकारने मुथुलक्ष्मींना पद्मभूषण दिले. १९६४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २२ जुलै १९६८ रोजी, वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास आठच दिवस उरले असताना, त्यांचे देहावसान झाले. रुग्णालय तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि बारा खाटांची गोष्ट केव्हाच मागे पडली होती.

त्यांच्या मागे काम थांबले नाही. १९७५ साली अड्यारच्या संस्थेला प्रादेशिक कर्करोग केंद्राचा दर्जा मिळाला. १९८० साली ब्लिओमायसिन हे औषध आणि किरणोपचार यांच्या संयोगाचा तोंडाच्या कर्करोगावर झालेला परिणाम डॉ. शांता आणि डॉ. कृष्णमूर्ती यांनी प्रसिद्ध केला. १९८१ साली मद्रास शहरातील कर्करोग्यांची नोंदवही संस्थेने सुरू केली. शहरात हा रोग कोणाला, कोठे आणि किती प्रमाणात होतो, याचा भरवशाचा हिशेब त्यातून मिळू लागला. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर एकाच ठरावीक पद्धतीने उपचार करण्याच्या उपक्रमात मुंबई, दिल्ली आणि मद्रास येथील संस्था सहभागी झाल्या आणि एके काळी हमखास मरणाऱ्या मुलांपैकी कित्येक मुले बरी होऊन शाळेत जाऊ लागली. आज या संस्थेत पाचशेहून अधिक खाटा आहेत आणि पैसा नाही म्हणून रोग्याला परत पाठवायचे नाही, हा पहिल्या दिवसाचा दंडक तिने आपला मानला आहे. डॉ. शांता यांना २००५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१६ साली पद्मविभूषण. मुथुलक्ष्मींचा ३० जुलै हा जन्मदिवस तामिळनाडूत रुग्णालय दिन म्हणून पाळण्याचे तेथील शासनाने २०१९ साली ठरविले.

मुथुलक्ष्मींनी स्वतः कर्करोगावर एखादे औषध शोधले नाही की नवी शस्त्रक्रिया केली नाही. त्यांनी संशोधकांना बसायला जागा, रोग्यांना यायला दार आणि दोघांना एकमेकांवर विश्वास ठेवायला कारण दिले. मंत्र्याच्या त्या सवालाचे उत्तर गेली सत्तर वर्षे अड्यारचे रुग्णालय देत आहे. माणसे या रोगाने मरतात, हे खरे. पण वेळेवर आलेली पुष्कळशी माणसे बरी होऊन घरी जातात, हेही आता तितकेच खरे आहे.

वाचकहो, या चरित्रातून घेण्यासारखी एक साधी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरापुरती आहे. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनात लागणारी गाठ, शौचावाटे वा अवेळी जाणारे रक्त, न थांबणारा खोकला किंवा बसलेला आवाज यांपैकी काहीही आढळले, तर लाजेने किंवा भीतीने दिवस ढकलू नयेत. बहुतेक वेळा ते दुखणे किरकोळच निघते. पण ते किरकोळ आहे हे आपण घरी बसून ठरवू नये, डॉक्टरांना ठरवू द्यावे. आणि औषध घेऊनही उतार पडत नसेल, तर आमांश म्हणून सांगितलेल्या दुखण्याचीही पुन्हा एकदा तपासणी करून घ्यावी. शंभर वर्षांपूर्वी मद्रासमधील एका तरुण स्त्रीला ही संधी मिळाली नाही. आज ती आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यात आहे.